प्रथिनांचे क्रिस्टल बीमवर चढवताना: लूपची निवड, क्रायो द्रावण आणि कामाचा क्रम

ड्रॉपमध्ये (क्रिस्टल ज्या थेंबात वाढवला त्यात) क्रिस्टल सुरेख दिसतो, कडा धारदार असतात, आणि बीमवर, म्हणजे क्ष-किरणांच्या शलाकेत, ठेवल्यावर पडद्यावर बर्फाची वर्तुळं उमटतात, ठिपके पसरट येतात, पार्श्वभूमी काळवंडलेली दिसते. मग प्रथिन पुन्हा शुद्ध करायचं, नव्या प्लेट लावायच्या, असं ठरतं. त्याआधी एक गोष्ट तपासायला हवी: क्रिस्टल कशावर घेतला, किती द्रवासकट घेतला आणि कोणत्या क्रमाने थंड केला. प्रयोगशाळांमध्ये सर्रास चालणारा क्रम असा: ड्रॉप उघडायचा, क्रिस्टल बघायचा, मग लूप (क्रिस्टल उचलायचा बारीक फासा) शोधायचा, मग ग्लिसरॉल कुठे ठेवलंय ते बघायचं. हा क्रम नेमका उलटा आहे. सगळे निर्णय ड्रॉप बंद असतानाच व्हायला हवेत. ड्रॉप उघडल्यावर उरतं ते फक्त हातांचं काम, आणि त्याला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात.

## टप्पा १: ड्रॉप न उघडता क्रिस्टल मोजा

सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेतल्या पट्टीवर क्रिस्टलची सर्वांत लांब आणि सर्वांत अरुंद बाजू मोजा आणि वहीत लिहा. अंदाजाने "छोटा" किंवा "बरा मोठा" असं लिहू नका. १०० मायक्रॉनचा क्रिस्टल आणि ३०० मायक्रॉनचा क्रिस्टल यांना वेगळा लूप, वेगळं क्रायो (थंड करण्याआधी लावायचं संरक्षक द्रावण) आणि वेगळा हात लागतो.

सोबत आकार लिहा: ठोकळा, सुई, पातळ पत्रा की झुबका. क्रिस्टल ड्रॉपच्या तळाला चिकटलाय की तरंगतोय, वर प्रथिनाची साय धरली आहे का, तेही बघा. मदर लिकरमध्ये (क्रिस्टलभोवतीच्या द्रवात) काय आहे ते प्लेटच्या नोंदीतून काढा, कारण चौथ्या टप्प्यात त्याच्यावर सगळं अवलंबून आहे.

## टप्पा २: साहित्य निवडा

नायलॉनचा लूप. १० किंवा २० मायक्रॉन जाडीच्या धाग्याचा फासा, पोकळ स्टीलच्या पिनमध्ये बसवलेला. स्वस्त आणि मऊ असतो, ठोकळेबाज क्रिस्टलसाठी उत्तम. क्रिस्टल धाग्यावर टेकत नाही, फाशात ताणलेल्या द्रवाच्या पडद्यात राहतो. अडचणही तिथेच आहे. पडद्यासाठी द्रव लागतो आणि जास्तीचा द्रव म्हणजे जास्तीची पार्श्वभूमी. शिवाय मोठा नायलॉन लूप बीमवर क्रिस्टल गार ठेवणाऱ्या थंड वायूच्या झोतात थरथरतो. बीम ३०० मायक्रॉनचा असेल तर ते खपून जातं. १० मायक्रॉनचा असेल तर क्रिस्टल बीममधून आत-बाहेर होत राहतो आणि तीव्रतेचे आकडे विश्वासाचे राहत नाहीत.

पॉलिइमाइडचा माउंट. कॅप्टॉन नावाने ओळखली जाणारी, सोनेरी-पिवळी, साधारण १० मायक्रॉन जाडीची फिल्म. टोकाला छिद्र आणि मागे निमुळता दांडा. ताठ असल्याने झोतात हलत नाही, द्रव कमी धरते, आणि पिवळेपणामुळे क्रिस्टल कुठे संपतो नि माउंट कुठे सुरू होतो ते चटकन कळतं. १०० मायक्रॉनच्या आतल्या क्रिस्टलसाठी मी दुसरं काही सुचवणार नाही. मोठ्या, जड ठोकळ्यांसाठी मात्र नायलॉनच बरा. ताठ कडेवर आपटून क्रिस्टलला तडा जाऊ शकतो.

जाळी. त्याच फिल्मला बारीक छिद्रांची जाळी. सूक्ष्म क्रिस्टलांचा घोळका किंवा मोडकी सुई उचलायला उपयोगी. द्रव मागच्या बाजूने टिपून घेता येतो, हा मोठा फायदा. पण जाळीचं पॉलिमरही बीममध्ये येतं, म्हणून एकट्यादुकट्या मोठ्या क्रिस्टलसाठी जाळी वापरण्यात अर्थ नाही.

केशनलिका आणि पॉलिएस्टरची नळी. हे खोलीच्या तापमानासाठी. त्यांच्याबद्दल सहाव्या टप्प्यात.

लूपचं माप ठरवताना नियम सोपा ठेवा: छिद्र क्रिस्टलच्या सर्वांत लांब बाजूइतकं किंवा किंचित मोठं. १५० मायक्रॉनच्या क्रिस्टलला ०.१५ ते ०.२ मिमीचा लूप. "सुटायला नको" म्हणून ०.५ मिमीचा लूप घेतला की त्यात क्रिस्टलच्या कितीतरी पट द्रव येतो. तो सावकाश थंड होतो, आत बर्फ धरतो, आणि बीमलाइनवर (सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरण केंद्रावर) क्रिस्टल नेमका कुठे आहे हे शोधण्यात वेळ जातो. सुई असेल तर लांबट छिद्राचा लूप घ्या.

पातळ पत्र्यांकडे विशेष लक्ष द्या, कारण इथली चूक डेटा गोळा करून झाल्यावरच कळते. पत्रा लूपवर सपाट बसतो. पुष्कळ पत्र्यांमध्ये एकक कोशाचा (क्रिस्टलमध्ये पुन्हापुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान ठोकळ्याचा) सर्वांत लांब अक्ष पत्र्याला काटकोनात असतो. पिन फिरते तेव्हा हा लांब अक्ष दर अर्ध्या फेरीत एकदा बीमच्या दिशेला येतो, आणि त्या कोनांवर ठिपके एकमेकांवर चढतात. ३०० अँगस्ट्रॉमचा अक्ष असेल तर त्या भागातला डेटा वाया जातो. उपाय म्हणजे मान वाकवलेला लूप. नायलॉनचा लूप चिमट्याने मुळाशी वाकवता येतो. फिल्मचे वाकवलेले माउंट तयार मिळतात. मान वाकली की लांब अक्ष पिनच्या दिशेकडे झुकतो. त्याच्या जोडीला प्रत्येक चित्रामागचा फिरण्याचा कोन लहान ठेवा.

तपासा: निवडलेला लूप रिकामाच सूक्ष्मदर्शकाखाली धरा. धागा उसवलेला, फिल्म चिरलेली किंवा आधीच्या द्रावणाचं मीठ कडेला साचलेलं असेल तर तो बाजूला ठेवा.

## टप्पा ३: पिन आणि कॅप

इथे चूक झाली तर क्रिस्टल रोबोच्या हातातच जातो. युरोपातल्या बहुतेक बीमलाइनवर स्पाइन मानक चालतं: कॅपच्या (पिन ज्यात बसते त्या बुचाच्या) तळापासून क्रिस्टलपर्यंत २२ मिमी. लूप पिनमध्ये बसवताना ही लांबी मापाच्या साच्यावर तपासा. तुम्ही इंदूरच्या इंडस-२ वर जाणार असा किंवा ग्रनोबलच्या ईएसआरएफवर, कोणती कॅप, कोणती लांबी, कोणता पक (पिना ठेवायची गोल डबी) चालतो हे तिथल्या शास्त्रज्ञांना आधी लेखी विचारून घ्या. घरच्या यंत्रावर चाललेली पिन तिथे चालेलच असं नाही.

लूप पिनमध्ये आणि पिन कॅपमध्ये चिकटवायला दोन घटकांचं इपॉक्सी वापरा आणि रात्रभर सुकू द्या. झटपट चिकटणारा गोंद अतिथंडीत ठिसूळ होतो. सुकल्यावर पिन बोटांत फिरवून बघा. टोक गोल फिरत असेल तर ती तिरपी बसली आहे. तीच तिरपी फेरी बीमवर मोठी होऊन दिसेल.

## टप्पा ४: क्रायो द्रावण

सर्वाधिक क्रिस्टल याच टप्प्यात मरतात, म्हणून इथे घाई नको.

द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो आणि डेटा साधारण १०० केल्विनला घेतात. पाणी पुरेशा वेगाने थंड झालं नाही तर त्याचा बर्फ होतो, आणि तो क्रिस्टलची रचना विस्कटतो. क्रायो संरक्षक घातला की पाणी बर्फ न होता काचेसारखं गोठतं. ग्लिसरॉल, एथिलीन ग्लायकॉल, पीईजी ४०० आणि एमपीडी हे नेहमीचे. ग्लिसरॉल साधारण २० ते ३० टक्के लागतं. मदर लिकरमध्येच कमी रेणुभाराचं पीईजी किंवा एमपीडी भरपूर असेल तर वेगळं काही घालायची गरज बहुधा पडत नाही. मीठ असेल तर पडते.

आता सर्वांत रुळलेली चूक. ७५ मायक्रोलिटर रिझर्व्हॉयर द्रावण (ड्रॉपशेजारच्या खान्यातलं साठ्याचं द्रावण) घ्यायचं आणि त्यात २५ मायक्रोलिटर ग्लिसरॉल ओतायचं. असं केल्याने ग्लिसरॉल २५ टक्के झालं खरं, पण मीठ आणि बफरही तीन-चतुर्थांशावर आले. क्रिस्टलला ज्या मिठाने धरून ठेवलं होतं तेच पातळ झालं. कडा विरघळतात, तडे जातात, आणि "हा क्रिस्टल ग्लिसरॉल सहन करत नाही" असा निष्कर्ष निघतो.

ग्लिसरॉल पाण्याच्या जागी यायला हवं, मिठाच्या जागी नाही. म्हणून द्रावण मूळ साठ्यांपासून नव्याने बनवा. लायसोझाइमचं उदाहरण घेऊ. रिझर्व्हॉयरमध्ये १ मोलर सोडियम क्लोराइड आणि ०.१ मोलर सोडियम अॅसिटेट, पीएच ४.६ आहे, आणि आपल्याला २५ टक्के ग्लिसरॉल हवंय. १०० मायक्रोलिटरसाठी:

- ५ मोलर सोडियम क्लोराइड: २० मायक्रोलिटर
- १ मोलर सोडियम अॅसिटेट, पीएच ४.६: १० मायक्रोलिटर
- ५० टक्के ग्लिसरॉल: ५० मायक्रोलिटर
- पाणी: २० मायक्रोलिटर

मीठ आणि बफर होते तेवढेच राहिले. ग्लिसरॉलचा साठा ५० टक्क्यांचा ठेवा; शुद्ध ग्लिसरॉल इतकं दाट असतं की पिपेटच्या टोकाला बाहेरूनही चिकटतं आणि माप चुकतं. प्रथिनाला लिगंड (त्याला चिकटणारा रेणू) दिला असेल तर तो या द्रावणातही घाला, नाहीतर भिजवण्याच्या काळात तो क्रिस्टलमधून निघून जाऊ शकतो.

तपासा: क्रिस्टलविना चाचणी करा. वापरणार आहात त्याच मापाच्या लूपमध्ये फक्त द्रावण घ्या आणि थंड करा. गोठलेला थेंब आरपार दिसायला हवा, लूपची पलीकडची कड स्पष्ट दिसायला हवी. दुधाळ झाला तर संरक्षक कमी आहे. ५ टक्क्यांनी वाढवा आणि पुन्हा बघा. थेंब स्वच्छ दिसला तरी यंत्र मोकळं असेल तर एक चित्र घ्या. बर्फाची वर्तुळं ३.९०, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमला आधी दिसतात, नंतर २.६७ आणि २.२५ ला. तिथे एकच रुंद, मंद पट्टा दिसला आणि धारदार वर्तुळ नसेल तर द्रावण तयार आहे.

ही चाचणी मोठ्या लूपवर करून लहान लूपवर क्रिस्टल घेतला तर चालतं. उलटं मात्र चालत नाही.

तेलाचाही पर्याय आहे. पॅराटोन किंवा परफ्लुओरोपॉलिईथरच्या थेंबातून क्रिस्टल ओढला की बाहेरचं पाणी निघून जातं आणि क्रिस्टलच्या आतली रसायनं बदलत नाहीत. ग्लिसरॉल सहन न करणाऱ्यांसाठी हा मार्ग जरूर वापरून पाहा. पण तेल दाट असतं, आणि पातळ पत्रे त्यात वाकतात.

## टप्पा ५: टेबल मांडा

उजव्या हाताच्या माणसासाठी: समोर सूक्ष्मदर्शक, डावीकडे क्रायोचे थेंब काचेवर, उजवीकडे हाताच्या अंतरावर द्रव नायट्रोजनचं फोमचं भांडं, त्यात आधीच थंड केलेला पक. चुंबकी कांडीवर लूप चढवलेला. टिपकागदाच्या बारीक निमुळत्या पट्ट्या कापलेल्या. एकदा रिकाम्या लूपने सगळी हालचाल करून बघा. हात कुठे अडखळतो ते तेव्हाच कळतं.

मुंबई-पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये काम करणाऱ्यांना हा भाग जास्त लागू आहे. दमट हवेतली वाफ नायट्रोजनवर बर्फाच्या भुकटीसारखी जमते आणि ती नेमकी क्रिस्टलवर चिकटते. भांडं आदल्या वापरानंतर पूर्ण सुकलेलं असू द्या, झाकण ठेवा, श्वास भांड्यावर सोडू नका. पृष्ठभागावर भुकटी तरंगताना दिसली की तो नायट्रोजन ओतून द्या; वरून ताजा ओतून उपयोग नाही. एसी खोली कोरडी करायला जरूर लावा, पण त्याचा झोत गोनिओमीटरवर (बीममध्ये पिन फिरवणाऱ्या यंत्रावर) येता कामा नये. थंड वायूचा पडदा विस्कटला की बर्फ तिथेही धरतो.

इशारा: एक लिटर द्रव नायट्रोजनपासून सुमारे ७०० लिटर वायू होतो. दारं-खिडक्या बंद असलेल्या लहान खोलीत तो ऑक्सिजनची जागा घेतो आणि त्याला वासही नसतो. दार उघडं ठेवा, ऑक्सिजनचा अलार्म असेल तर तो चालू आहे का बघा, चष्मा आणि बंद बूट घाला, हातमोजे सैल हवेत म्हणजे झटकून काढता येतात. मोठं भांडं लिफ्टमधून न्यायचं असेल तर माणसांनी त्याच्यासोबत लिफ्टमध्ये जाऊ नये.

## टप्पा ६: आधी एक क्रिस्टल गोठवल्याशिवाय तपासा

हा टप्पा बहुतेकजण गाळतात. चार-पाच सारखे क्रिस्टल असतील तर त्यातला एक खोलीच्या तापमानाला बीमवर ठेवाच. त्याशिवाय क्रिस्टल मुळातच वाईट होता की आपण गोठवताना बिघडवला, हे कळायला दुसरा मार्ग नाही.

सोपी पद्धत पॉलिएस्टरच्या नळीची. क्रिस्टल क्रायो न लावता लूपवर घ्या, भोवतालचा द्रव टिपा. नळीच्या बंद टोकात रिझर्व्हॉयर द्रावणाचा थेंब ठेवून ती नळी लूपवरून कॅपपर्यंत सरकवा आणि तळाशी ग्रीस किंवा इपॉक्सीने बंद करा. थेंबामुळे आतली वाफ टिकते आणि क्रिस्टल सुकत नाही.

जुनी पद्धत काचेच्या किंवा क्वार्ट्झच्या केशनलिकेची. भिंत जेमतेम १० मायक्रॉनची असते, म्हणून ती चिमट्याने नव्हे, मेणाच्या गोळीत खोचून धरा. क्रिस्टल मदर लिकरसकट आत ओढा, कागदाच्या बारीक पट्टीने द्रव काढा, क्रिस्टलपासून काही मिलिमीटरवर मदर लिकरचा छोटा थेंब सोडा आणि दोन्ही टोकं मेणाने बंद करा. वितळलेल्या मेणाची धग क्रिस्टलला लागू नये म्हणून मधल्या भागावर ओला टिश्यू ठेवा. काचेची रुंद, मंद पार्श्वभूमी चित्रात दिसेलच. तिला बर्फ समजू नका.

खोलीच्या तापमानाला क्रिस्टल किरणांनी फार लवकर खराब होतो. दोन-चार चित्रं पुरेत. विभेदन (किती बारीक तपशील दिसतो) आणि मोझेइसिटी (क्रिस्टलमधले भाग एकमेकांपासून किती अंशांनी ढळलेत) लिहून ठेवा.

## टप्पा ७: उचला

१. ड्रॉप उघडा. बाष्पीभवन सुरू झालंच आहे, म्हणून त्या खान्यात लगेच थोडं रिझर्व्हॉयर द्रावण वरून घाला. मीठ पृष्ठभागावर धरायला लागलं तर थांबा आणि नवा ड्रॉप घ्या.

२. साय असेल तर सुईने एका बाजूला सारा. तळाला चिकटलेला क्रिस्टल ढोसू नका. त्याच्या शेजारचा द्रव लूपने हलवा, बहुधा तो सुटतो.

३. लूप क्रिस्टलच्या खालून न्या आणि वर उचला. पृष्ठभागातून बाहेर काढताना लूप उभा करा, म्हणजे त्याचं प्रतल पृष्ठभागाला काटकोनात येईल. आडवा काढलात तर सोबत फुगीर थेंब येतो.

४. क्रायोच्या थेंबात सोडा. पहिल्यांदा ५ ते ३० सेकंद पुरेत. डोळा सूक्ष्मदर्शकावर ठेवा. कडा गोलावू लागल्या तर द्रावण पातळ आहे. आडवे तडे गेले तर बदल फार अचानक झाला, म्हणून ५, १०, १५ टक्क्यांच्या पायऱ्यांनी न्या.

५. पुन्हा उचला आणि जास्तीचा द्रव टिपा. कागदाचं टोक लूपच्या दांड्याकडून, क्रिस्टलपासून दूरच्या बाजूला हलकेच टेकवा. फुगलेला थेंब सपाट होत जातो आणि एका क्षणी क्रिस्टलची बाह्यरेषा एकदम ठळक होते. कागद त्याच क्षणी काढा. त्यानंतर अर्धा सेकंद जरी राहिला तरी क्रिस्टल उघडा पडून सुकतो.

## टप्पा ८: थंड करा

टिपणं संपलं की एका सेकंदात लूप नायट्रोजनमध्ये जायला हवा. भांडं काठोकाठ भरलेलं ठेवा. अर्ध्या भांड्यात द्रवाच्या वर थंड वायूचा जाड थर असतो आणि लूप त्यातून जाताना हळूहळू गोठतो. हवा तेवढा वेग द्रवात पोहोचण्याआधीच हरवलेला असतो. कोरड्या वायूचा झोत मारून तो थर बुडवण्यापूर्वी उडवला तर फरक पडतो, विशेषतः लहान क्रिस्टलांना. लूप कडेवर ठेवून, सरळ खाली, एका दमात बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत आत हलवत राहा.

यानंतर क्रिस्टल द्रवाबाहेर येता कामा नये. १५० केल्विनच्या आसपास काचेसारख्या पाण्याचा बर्फ होऊ लागतो, आणि पिन हवेत आली की तिथवर पोहोचायला फार वेळ लागत नाही. पकमध्ये ठेवताना सगळं पृष्ठभागाखालीच करा. युनिपकमध्ये १६ जागा असतात. कुठल्या जागेत कुठला क्रिस्टल ते पिन ठेवल्याठेवल्या लिहा. नंतर आठवणीने लिहिलेली यादी बीमलाइनवर उपयोगाची नसते.

चिमटे आणि कांड्यांची टोकं प्रत्येक वेळी आधी नायट्रोजनमध्ये उकळी थांबेपर्यंत बुडवा. कोमट चिमटा हा सगळ्यांत शांतपणे क्रिस्टल मारणारा आहे.

## टप्पा ९: पहिली दोन चित्रं वाचा

९० अंशांच्या अंतराने दोन चित्रं घ्या आणि सहाव्या टप्प्यातल्या नोंदीशेजारी ठेवा.

- धारदार बर्फाची वर्तुळं, पण ठिपके चांगले: बर्फ बाहेर चिकटलाय. क्रिस्टलवर थोडा द्रव नायट्रोजन हलकेच ओतला तर बहुधा धुऊन जातो.
- वर्तुळं आणि ठिपकेही खराब: क्रायो कमी. चौथ्या टप्प्याकडे परत जा.
- वर्तुळं नाहीत, पण मोझेइसिटी खोलीच्या तापमानाला ०.२ अंश होती ती आता १ अंशाच्या वर: थंड होण्याचा वेग किंवा क्रायोचा धक्का. लूप लहान करा, द्रव कमी करा, संरक्षक बदलून बघा.
- एका चित्रात ठिपके सुटे, दुसऱ्यात एकमेकांवर: पत्र्याचा लांब अक्ष. वाकलेला लूप घ्या.
- दोन्ही तापमानांना सारखंच वाईट: आता क्रिस्टलला दोष द्यायला हरकत नाही.

थंड वायूचा झोत क्षणभर अडवून क्रिस्टल वितळवायचा आणि पुन्हा गोठवायचा ही युक्ती पुष्कळजण लगेच करून बघतात. कधी सुधारतो, कधी उरलासुरलाही जातो. एकुलत्या एका क्रिस्टलवर हे करू नका. आधी जेवढा डेटा मिळतो तेवढा घ्या.

काम संपल्यावर लूप डिस्टिल्ड पाण्याच्या दोन थेंबांतून फिरवा आणि उघडे, उभे सुकू द्या. लिगंड किंवा जड धातू लावलेले लूप वेगळ्या डबीत, नावासकट ठेवा. ते दुसऱ्या प्रथिनासाठी वापरायचे नाहीत. फिल्मच्या छिद्राच्या कडेला सूक्ष्मदर्शकाखाली चीर दिसली की तो माउंट त्याच दिवशी टाकून द्या.